पेटीबाहेरचा क्रॉसओव्हर



सरांनी खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळायला लावली होती, आठवतं? ती कॉइल मला पुन्हा भेटली, बाबांसाठी घरी स्पीकर बनवताना. क्रॉसओव्हरमधली कॉइल खालचे स्वर वूफरकडे सोडते, कपॅसिटर वरचे स्वर ट्विटरकडे. मी तो पेटीच्या आत पक्का चिकटवला. मोजमाप उत्तम आलं. बाबा म्हणाले, "तबला छान, पण शब्द कळत नाहीत." वयानं आधी वरचे स्वर ऐकू येईनासे होतात, आणि 'स', 'श' तिथलेच.

रेझिस्टर बदलायचा तर दर वेळी वूफरचे आठ स्क्रू काढायचे. चौथ्यांदा मी बाबांवर ओरडले. मग ते नुसतं "छान आहे" म्हणू लागले.

शेवटी क्रॉसओव्हर प्लायच्या फळीवर बाहेर आणला. कॉइल एकमेकींपासून लांब, काटकोनात. पेटीत दोनऐवजी चार तारा, भोक हवाबंद. (कोडमध्ये सेटिंग कोंबू नका, असं ऑफिसात मीच सांगते!)

बाबा समोर, मी मागे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून ३.३ ओहम काढला, २.२ लावला.

"आता?"

"अजून थोडं."

१.५ वर त्यांनी मान डोलावली. मला ते कर्कश वाटतं. तसंच ठेवलंय.