पडद्यावरची बाहुली आणि तिची दुखणी

श्रोते हो, सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळीची कळसूत्री बाहुली आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लाकडी अंग, त्याला सांधे, सांध्यांना दोऱ्या आणि वरून कपडा, अशी ही बाहुली. आपली मुले संगणकावर जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांतली पात्रेही बरीचशी अशीच घडवलेली असतात.

तयार खेळात खेळणाऱ्यांनीच केलेल्या फेरफाराला ‘मॉड’ म्हणतात. ‘हाफ-लाइफ’ या १९९८ सालच्या खेळात असाच फेरफार करून १९९९ साली ‘काउंटर-स्ट्राइक’ निघाला आणि जगभर गाजला. आता आपण म्हणाल, याला साधने महाग असतील. तसे नाही. ‘ब्लेंडर’ नावाची संगणकप्रणाली फुकट मिळते. २००२ साली लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून ती सर्वांना खुली करून घेतली.

पात्र घडवताना आधी बारीक चौकटींच्या जाळीचे अंग करायचे. मग शिंपी कापड बेततो तसे ते अंग उलगडून सपाट करायचे आणि त्यावर रंग चढवायचे. इथे बेत चुकला, तर पैठणीच्या काठावरचा मोर शिवणीपाशी दुभंगतो. मग आत हाडांचा सांगाडा बसवायचा, आणि जाळीच्या प्रत्येक बिंदूने कोणत्या हाडामागे किती जायचे, ते ठरवायचे. यालाच ‘भार’ म्हणतात.

एवढे करूनही पात्र खेळात नेले की दुखणी दिसू लागतात. हात आडवे पसरून ते नुसतेच उभे राहिले, तर बहुधा हालचाल सांगाड्याला जोडली गेलेली नाही. हाडांची नावे खेळातल्या नावांशी जुळतात का, ते पाहा. पात्र शंभरपट मोठे दिसले, तर मीटर आणि सेंटिमीटर यांचा घोटाळा. उताणे पडले, तर ‘वर’ कोणती दिशा, याबद्दल दोन प्रणालींचे एकमत नाही. अंगाला भोके दिसली, तर तिथल्या चौकटींची तोंडे आत वळली आहेत. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच तपासावे. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. वैद्यही एकाच दिवशी चार औषधे बदलत नाही, खरे ना?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स यांनी २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. त्याची नायिका प्राचीन भारतातली मुलगी आहे. मग आपल्या गावची नऊवारीतली बाई खेळात का नसावी? अवश्य असावी. पण संगणकाला भार वाटायला सांगितले, तर तो बिंदू कोणत्या हाडाजवळ आहे, एवढेच पाहतो. मांड्या शेजारी शेजारी असल्यामुळे डावीकडचे कापड उजव्या पायामागे जाते. बाई उभी असते तोवर सगळे ठीक. तिने पाऊल टाकले, की दोन पायांत बदकाच्या पंजासारखा पडदा ताणला जातो.

तेव्हा डावे कापड डाव्या मांडीला, उजवे उजवीला, समोरच्या निऱ्या दोघींना थोड्या थोड्या, आणि मागे खोचलेला काष्टा कमरेच्या हाडाला, असे हाताने वाटून द्यावे लागते. हे ज्ञान संगणकात नाही. जन्मभर नऊवारी नेसून शेतात वाकलेल्या आजीपाशी ते आहे.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेत संगणक असेल तर चार मुले-मुली बसवा आणि परीक्षक म्हणून एखाद्या आजीला बोलवा. पात्राला चालवा, बसवा, वाकवा. कुठे चुकले, ते आजी सांगतील. दुसऱ्याने केलेले पात्र वापरायचे असेल, तर आधी त्याची परवानगी घ्यायला मुलांना शिकवा.

हे काम आपण केले नाही, तर परके कारागीर करतील. त्यांच्या खेळात आपली आजी दिसेलही, पण कोपऱ्यात उभी, चित्रासारखी. तिला चालताना पाहायचे असेल, तर ते सांधे आपल्यालाच बसवावे लागतील.