कुर्ल्याची गाडी, कुर्ल्याचा पार्ट



जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात, "पार्ट मिळतात का हो?" मिळतात. मुंबईत ऑपेरा हाउसला मिळतात, चोर बाजारात मिळतात, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे मिळतात. पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथे नशीब असेल तर मिळतात. दिल्लीचं कश्मिरी गेट, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, सगळीकडे मिळतात. पण मिळालेला पार्ट त्याच गाडीचा आहे का, हा त्याच्या पुढचा प्रश्न आहे, आणि आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

बसला, गाडी चालली, म्हणजे काम झालं, असं म्हणणाऱ्या मेकॅनिकला मी दोष देत नाही. रोज कामाला जाणाऱ्या गाडीला तेवढं पुरतं. पण साठ वर्षांची गाडी आपण जपायला घेतो, ती कशासाठी? त्या काळी ती कशी बनत होती, कुठल्या हातांनी बनत होती, हे तिच्यात शाबूत राहावं म्हणून. त्यात नुसता बसणारा पार्ट घातला की तेवढा भाग पुसला जातो, आणि पुसला गेलाय हे पुढच्या मालकाला कळतही नाही.

उदाहरणासाठी एकच गाडी घेतो. फियाट अकराशे. आपल्यापैकी कित्येक जण तिच्या मागच्या सीटवर बसून मामाच्या गावाला गेले असतील. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा, दार लावतानाचा आवाज, हे सगळं आपल्या परिचयाचं. म्हणूनच ही गाडी सोपी आहे असं वाटतं. मी म्हणेन, पार्टच्या बाबतीत इतकी फसवी गाडी दुसरी नाही.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याचा कारखाना आधी अमेरिकेच्या क्रायस्लरबरोबर उभा राहिला; डॉज, प्लिमथ, डिसोटो तिथे जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाटने १९५३च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी अकराशे दाखवली आणि १९५४ पासून ती कुर्ल्यात तयार होऊ लागली. त्याच सुमारास सरकारने ठरवलं होतं की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम हवा. १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स आणि तिच्यासारखीच फोर्ड, दोघींनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, आणि एकेक भाग इथे बनवत गेली.

हे 'एकेक' ध्यानात ठेवा, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू होते. सुरुवातीच्या गाडीत बहुतेक सामान इटलीचं. मग पत्रा इथला झाला, काच इथली झाली, विजेचं सामान मद्रासच्या लुकास-टीव्हीएसचं येऊ लागलं. नावंही बदलत गेली. मिलिसेंटो, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट. या गोल पाठीच्या गाड्यांना मुंबईने लाडाने डुक्कर फियाट म्हटलं. १९६४ला डिलाइट आली. इटालियन कंपनीशी करार संपल्यावर १९७३ला तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ला पद्मिनी. साधारण पन्नास वर्षं ही गाडी एकाच कारखान्यात बदलत राहिली. त्यामुळे "फियाटचा पंप द्या" म्हटल्यावर चांगला दुकानदार लगेच उठत नाही. आधी विचारतो, "कुठली? साल कुठलं?"

सालाचाही भरवसा नाही. आरसी बुकात असतं ते नोंदणीचं साल. गाडी बनली कधी, हे त्यावरून कळतंच असं नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि उत्पादन त्याआधीच थांबलेलं होतं. म्हणून साल सांगण्याआधी बॉनेट उघडून पाटीवरचा चॅसी नंबर वाचायचा, इंजिनावरचा नंबर वाचायचा. लुकासच्या डायनॅमोवर, डिस्ट्रिब्यूटरवर साल ठोकलेलं असतं. हे आकडे एकमेकांच्या आसपास आले तर गाडी बरीचशी मूळची आहे. चार वर्षांचा फरक निघाला तर कोणीतरी मध्ये हात घातलाय.

आता इटलीकडे वळू. आज घरबसल्या इटलीहून फियाट अकराशेचे पार्ट मागवता येतात. तिकडे या गाडीचे चाहते भरपूर आहेत, पार्ट नवे बनतात, चकचकीत खोक्यात येतात. साहजिकच आपल्याला वाटतं, मूळ देशातून आलाय, म्हणजे हाच खरा. इथे थांबा.

डिलाइट म्हणजे अकराशे डी. इटलीतही अकराशे डी होती, १९६२ पासून. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. पण इटलीतल्या डीचं इंजिन १२२१ सीसीचं आणि कुर्ल्याच्या डिलाइटचं १०८९ सीसीचं. पिस्टनचा स्ट्रोक दोन्हीकडे ७५ मिलिमीटर. सिलिंडरचा बोअर मात्र तिकडे ७२ आणि इकडे ६८. पिस्टन चुकीचा आला तर बरं, कारण तो आत जातच नाही, चूक तिथल्या तिथे कळते. हेड गॅस्केट जास्त धोक्याचं. त्याचं भोक मोठं असलं तरी वर ठेवून हेड आवळताना काही अडल्यासारखं वाटणारच नाही. मग सिलिंडरच्या काठाशी सगळीकडून दोन-दोन मिलिमीटरची पोकळी राहते. जळते वायू नेमके त्या काठावर मारा करत राहतात. गाडी सुरू होते, चालतेही. काही महिन्यांनी गॅस्केट जळतं आणि लोक म्हणतात, जुनी गाडी, असंच असतं.

दुसरी गोष्ट अगदी उघडी आहे, म्हणूनच तिकडे लक्ष जात नाही. इटलीत स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे. म्हणजे डॅशबोर्ड गेला, स्टिअरिंग बॉक्स गेला, पेडलची जोडणी गेली, वायपरचे दांडे गेले. आणि या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या खांबावर असल्यामुळे गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सगळ्या कड्याही गेल्या. हेडलाइटची काचसुद्धा. डिपरवर दिवा टाकला की उजेड रस्त्याच्या कडेला पडावा असे तिच्यावर उभे-आडवे पट्टे असतात. उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशाची काच लावलीत तर तोच उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. काच दिसायला सुंदर असते, बसतेही तंतोतंत.

इटलीच्या पार्टना मी नाव ठेवत नाही. चोपन्न-पंचावन्न सालची गाडी असेल तर तिचं बरंचसं सामान तिकडूनच आलेलं होतं आणि तिला ते शोभतं. पण पासष्टच्या डिलाइटला मॅग्नेटी मारेल्ली या इटालियन कंपनीचं लेबल लावून मिरवणं मला पटत नाही. त्या गाडीतलं मद्रासचं लेबल आपल्या देशाने मेहनतीने मिळवलेलं आहे. ते काढून परदेशी लावलं की किंमत वाढते, असं समजणारे बाजारात आहेत. मला वाटतं, त्यांना ही गाडी कळलेली नाही.

चुकीचा पार्ट केवढा लहान असू शकतो हे दाखवायला हे दोन बोल्ट मी मुद्दाम आणलेत. पहिल्या रांगेत फिरवा, हातात घेऊन पाहा. एक फियाटचा, मेट्रिक, आठ मिलिमीटरचा. दुसरा अॅम्बॅसॅडरचा, इंचातला, पाच-सोळांश. म्हणजे मिलिमीटरमध्ये ७.९४. जाडीत फरक एका मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढा, डोळ्याला दिसणार नाही. फरक आट्यांत आहे. बारीक आट्यांच्या मेट्रिक बोल्टवर दोन आट्यांमधलं अंतर बरोबर एक मिलिमीटर, आणि या इंचातल्यावर इंचाला चोवीस आटे, म्हणजे १.०६. गॅरेजच्या डब्यात दोन्ही एकत्र पडलेले असतात. घाईत हात घातला आणि चुकीचा आला, तर दोन-तीन फेरे तो हाताने फिरतो. मग जड होतो. मेकॅनिकला वाटतं गंज आहे, तो पाना लावतो, जोर देतो, आणि बोल्ट आत जातो. आत जाताना ब्लॉकमधले मूळचे आटे कापत जातो. पुढच्या वेळी खरा बोल्ट आणला तरी तो धरत नाही. पान्याचंही तेच. पाच-सोळांशच्या डोक्याला अर्ध्या इंचाचा पाना लागतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे तेराचा लावला तर सैल बसतो आणि कोपरे गोल करतो. ब्रिटिश गाड्यांमध्ये त्याहून जुने व्हिटवर्थचे आटे असतात, त्यांचा कोनच पंचावन्न अंशांचा, बाकीच्यांचा साठ. ज्यांच्याकडे मॉरिस आणि फियाट दोन्ही आहेत त्यांनी डबे वेगळे ठेवावेत, झाकणावर ठळक लिहावं. हे क्षुल्लक वाटेल, पण जुन्या इंजिनाचे आटे बिघडलेले दिसतात, त्यातले बरेच अशाच डब्यांतून बिघडलेले असतात.

बोल्टचं वेड कुठपर्यंत जाऊ शकतं ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीप विलिस कंपनीनेही बनवल्या आणि फोर्डनेही. आराखडा एकच, पार्ट एकमेकींना चालतात. पण फोर्डने आपल्या पार्टवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी एफ अक्षर उमटवलं. फोर्डची जीप उभी करणारी माणसं आज जगभर असे एफवाले बोल्ट वेचत फिरतात. मला त्यांचा आदर वाटतो. ती जीप कुठल्या कारखान्यातून युद्धावर गेली, याचा पुरावा त्या बोल्टच्या डोक्यावर आहे.

फियाटकडे परत येतो. डुक्कर फियाटचं पुढचं दार मधल्या खांबाला टांगलेलं असतं, उघडतं पुढून. डिलाइटला बिजागऱ्या पुढे गेल्या. म्हणजे दार, बिजागरी, कुलूप, खांब, सगळंच बदललं. शिवाय या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दुसऱ्या गाडीतून कापून आणलेला तुकडा वेल्डिंग करून बसवणं म्हणजे हाडाला हात घालणं. २०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम काढले. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. त्यात एक अट आहे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. पद्मिनीच्या पहिल्या गाड्याही आता पन्नाशी ओलांडत आहेत. तेव्हा कोणत्या पार्टाच्या जागी काय घातलं, हे आता कायद्यालाही विचारावंसं वाटतं.

मग पार्ट कुठेच मिळाला नाही तर? तर बनवायचा. या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. लहानशा लेथवर बुश, पिन, शाफ्ट हुबेहूब काढून देणारे टर्नर अजून आहेत. मात्र त्यांच्याकडे मोडका का होईना, मूळ नग घेऊन जा. दाराचं हँडल जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. त्याला आतून फोड येतात, वरून कितीही क्रोम मारा, ते पुन्हा फुगतं. तेच हँडल पितळेत ओतून, त्यावर निकेल आणि मग क्रोम चढवलं तर टिकतं. धातू बदलला, हे मान्य. मी ते करतो, आणि आतल्या बाजूला साल कोरून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाची फसगत होणार नाही.

एका बाबतीत मात्र मूळ पार्टाचा आग्रह सोडा, अगदी निश्चयाने सोडा. ती म्हणजे रबर. चाळीस वर्षं दुकानात पडून राहिलेला, कंपनीच्या खोक्यातला, कधीही न वापरलेला ब्रेकचा वॉशर मिळाला की माणसं हरखून जातात. तो घालू नका. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. खोका जपा, पार्ट फेका. टायरचं तेच. पेट्रोल पंपाच्या पडद्याचं तर आता जास्तच, कारण आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या प्रकारचं रबर त्यात टिकत नाही. ब्रेक, टायर, पेट्रोलची नळी या तीन ठिकाणी रस्त्यावरच्या माणसाचा जीव आधी, इतिहास नंतर.

आता काळजीची गोष्ट. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. वीस वर्षांची मुदत संपली. ज्यांना ती नुसती आठवण वाटते, त्यांनी हळहळ व्यक्त केली. आमच्यासाठी ती पार्टांची पेठच होती. हजारो टॅक्सी चालत होत्या तोवर क्लच प्लेट, बेअरिंग, किंगपिन बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक होतं. दुकानदार माल ठेवत होता, आणि कुठल्या सालाला काय लागतं हे त्याला तोंडपाठ होतं. आता मोजके हौशी उरले. वर्षाकाठी दोन नग खपतील म्हणून कोणी साचा सांभाळत बसत नाही. माल संपला तर तो पुन्हा बनवता येईल. दुकानदाराच्या डोक्यातलं ज्ञान एकदा गेलं की परत येणार नाही.

म्हणून एक विनंती. कुर्ल्याच्या त्या कारखान्यात या शहरातल्या हजारो माणसांनी काम केलं. कोणी प्रेस शॉपमध्ये, कोणी इंजिन असेंब्लीत, कोणी स्टोअरमध्ये. त्यांच्या घरात आजही पार्ट्स कॅटलॉग असतील. पानापानावर उलगडलेली चित्रं आणि प्रत्येक चकतीला नंबर असलेले. सर्व्हिसची परिपत्रकं असतील, कुठला नंबर रद्द होऊन त्याच्या जागी कुठला आला हे सांगणारी. दुकानात कोणी म्हणालं की "साहेब, हाच लागतो", तर ते खरं की खोटं हे या कागदांवरूनच ठरतं. वडिलांचं, आजोबांचं सामान आवरताना हे रद्दीत घालू नका. एकेका पानाचा फोटो काढा, मुखपृष्ठावरचं साल नीट दिसेल असा काढा, आणि जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्या कोणालाही द्या. आणि स्टोअरमध्ये काम केलेलं कोणी हयात असेल तर त्यांच्यापाशी बसून लिहून घ्या. मी सध्या सुपर सिलेक्टच्या वायरिंगचा तक्ता शोधतो आहे, कुठल्या रंगाची वायर कुठे जाते तो. कोणाकडे असेल तर प्रश्नोत्तरांनंतर मला इथेच गाठा, मी थांबणार आहे.