हेल आपला, तोंड कुणाचं?



गटाची बैठक संपली, सह्या-अंगठे झाले, की आपल्या गप्पा मालिकांवर येतात. कोण कुणाशी कसं वागलं यावर आपण तासभर बोलतो. कोण कसं बोलतं, ते राहून जातं. आज त्यावरच बोलू या.

मालिकेत घरातली सासू, सून, डॉक्टर, वकील पुस्तकातलं मराठी बोलतात. ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘लई’ कुणाच्या तोंडी येतं? भांडी घासणाऱ्या बाईच्या, नाहीतर हवालदाराच्या. तिनं तोंड उघडलं की मागं गमतीचं संगीत वाजतं आणि आपणही हसतो. हिंदी सिनेमात मोलकरीण बऱ्याचदा मराठी असते, मोडकं हिंदी बोलते. तेव्हा मात्र आपल्याला राग येतो. मग घरच्या मराठीत हे कसं चालतं आपल्याला?

बरं, ती बोली तरी खरी असते का? ‘रं’, ‘गं’ आणि ‘लई’ पेरलं की झालं गावाकडचं बोलणं! तिकडं विदर्भात ‘मी करून राहिली’ म्हणतात, मालवणात ‘माका, तुका’, खानदेशात अहिराणी. कोल्हापुरात तर बायकासुद्धा ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पण कोल्हापूरची म्हणून दाखवलेली नायिका ‘मी आलो’ म्हणताना क्वचितच ऐकू येते. शब्द पाठ करता येतात हो, हेल पाठ करता येत नाही. तो कानात मुरावा लागतो.

मच्छिंद्र कांबळींनी ‘वस्त्रहरण’ नाटकातून मालवणी मुंबईच्या रंगमंचावर नेली, त्याचे हजारो प्रयोग झाले. मकरंद अनासपुरेंनी मराठवाड्याचा हेल आणला, भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी आणली. त्यांचं मोठेपण आहेच. पण हे बहुतेक पुरुष, आणि बहुतेक हसवणारे.

म्हणून २०१६ साली आलेला ‘सैराट’ आम्हाला महत्त्वाचा वाटतो. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, रिंकू राजगुरू अकलूजची. म्हणजे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली शाळकरी पोर. तिनं हेल शिकून घेतला नव्हता, तो तिच्या घरातलाच होता. तिची आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेटवर बसते, पोरांना दम देते आणि हे सगळं आपल्या बोलीत. तिच्या बोलण्यावर थेटरात शिट्ट्या पडल्या, पण तिला कुणी हसलं नाही. त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कारात तिचा विशेष उल्लेख झाला. पुढं २०१८ मध्ये त्याचं हिंदी ‘धडक’ झालं, गोष्ट राजस्थानात उदयपूरला नेली. गोष्ट जवळपास तीच, पण आर्चीचा तो ठसका काही तिथं आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, सिनेमाचं आपल्याला काय? तर बँकेत कर्जाचं बोलायला जाताना आपल्यातल्या कितीजणी म्हणतात, “ताई, तुम्हीच बोला. मला शुद्ध येत नाय.” हिशोब तोंडपाठ, परतफेड वेळेवर, आणि बोलायची मात्र लाज. पडद्यावर ज्या बोलीला सतत हसलं जातं, ती साहेबासमोर काढायला जीभ रेटत नाही. प्रमाण मराठी शिकू नये असं आम्ही म्हणत नाही. अर्ज लिहायला, दूरच्या माणसाला समजायला ती लागतेच. पण व्याजाचा दर विचारायला ‘न्हाय’चं ‘नाही’ कशाला करायला हवं?

पुढच्या महिन्यात याच रेडिओवर गटांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. मागं काहीजणी कागदावर लिहून आल्या होत्या आणि माइकसमोर अडखळल्या. कागद बाजूला ठेवल्यावर त्याच बायका शेळीपालनावर पंधरा मिनिटं न थांबता बोलल्या. यावेळी लिहून आणू नका. पासबुक तेवढं आणा, आकडे त्यातनं वाचता येतील.