एका दिवसाची नरसी

सुटी जवळ आली की शहरातील कुटुंबांत प्रवासाचे बेत सुरू होतात, आणि बहुतेक बेत त्याच चार-सहा ठिकाणांपाशी येऊन थांबतात. आषाढीस पंढरपूर, श्रावणी सोमवारी औंढा नागनाथ, दिवाळीत महाबळेश्वर. तेथे पोचल्यावर दिवसाचा मोठा भाग रांगेत आणि गाडी उभी करण्यास जागा शोधण्यात जातो. दर्शन होते ते क्षणाचे, आणि मंडळी घरी परततात ती निघतानापेक्षा अधिक थकून. दोष त्या स्थळांचा नव्हे. एकाच दिवशी एकाच दाराशी जमण्याच्या सवयीचा आहे.

ही अडचण महाराष्ट्रापुरतीच नाही. जपानातील क्योटो शहरात प्रवाशांची इतकी दाटी होऊ लागली की, २०२४ साली तेथील गिओन भागातल्या खाजगी गल्ल्या त्यांना बंद कराव्या लागल्या. जाणते प्रवासी अशा वेळी मुक्काम क्योटोतच ठेवतात. परंतु सकाळच्या आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत उजी या शेजारच्या गावी जातात. जपानच्या दहा येनच्या नाण्यावर ज्याचे चित्र आहे, ते १०५३ साली उभारलेले मंदिर पाहतात, नदीकाठी तेथला प्रसिद्ध चहा घेतात आणि दिवेलागणीस परततात.

मराठवाड्यात अशा फेरीस योग्य असे गाव म्हणजे नरसी नामदेव. नांदेडचा गुरुद्वारा आणि औंढ्याचे ज्योतिर्लिंग पाहण्यास दुरून आलेली कितीतरी कुटुंबे हे गाव जवळ असूनही तसेच माघारी फिरतात. पूर्णा-अकोला लोहमार्गावरील हिंगोलीस उतरावे. तेथून वीस किलोमीटरांच्या आत कयाधू नदीच्या काठी हे गाव आहे. प्रल्हादाच्या मातेचे नाव धारण करणारी ही नदी पावसाळ्यानंतर भरलेली असते, उन्हाळ्यात मात्र आटते. म्हणून हिवाळ्याचे दिवस बरे.

संत नामदेव (१२७०-१३५०) यांचे हे जन्मगाव मानले जाते. काही अभ्यासक तो मान पंढरपूरला देतात. तथापि नरसीच्या श्रद्धेला त्याने बाध येत नाही. शाळेत नामदेवांविषयी वाचलेल्या मुलाला रांगेत उभे असताना प्रश्न विचारण्यास उसंत नसते. येथे मंदिराच्या ओट्यावर बसून त्याला सहज विचारता येते : शिंप्याच्या घरी जन्मलेल्या या मराठी संताची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात कशी गेली? गावात गुरुद्वाराही आहे आणि पंजाबातून नांदेडला येणारे यात्रेकरू नरसीचीही वाट धरतात. नामदेव पंजाबातील ज्या घुमान गावी राहिले, तेथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. एवढा मोठा प्रवास या लहानशा गावापासून सुरू झाला, हे मुलाला तेथेच उमजते.

औंढ्याची कथा सर्वश्रुत आहे. देवळासमोर कीर्तन करण्यास मनाई झाली, तेव्हा नामदेव मुकाट्याने देवळाच्या मागील बाजूस गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे सांगतात. गर्दीच्या दारातून बाजूस झाल्याने काही गमावते, या भीतीवर या कथेइतका चांगला उतारा नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. आषाढीनंतरच्या वद्य एकादशीस, म्हणजे परतवारीस, नरसीतही मोठा जनसमुदाय लोटतो. निवांतपणा हवा असेल त्याने तो दिवस टाळावा. वारीच हवी असेल त्याने तोच साधावा.

शिवाय लहान गावाला शहरासारखी सफाईची मोठी व्यवस्था नसते. दहा कुटुंबांनी नदीकाठी टाकलेल्या पत्रावळी आणि बाटल्या तेथे महिनोन्महिने राहतात. तेव्हा फराळाचा कचरा परत न्यावा, चहा गावातल्याच दुकानात घ्यावा आणि गावकऱ्याची छायाचित्रे त्याला विचारून काढावीत. क्योटोच्या गल्ल्या बंद झाल्या त्या केवळ प्रवाशांच्या संख्येमुळे नव्हे, त्यांच्या वर्तनामुळेही. नरसीची वाट पुढेही मोकळी राहावी असे वाटत असेल, तर तेथे जाणाऱ्याने पाहुण्यासारखे जावे आणि सायंकाळी पाहुण्यासारखेच निरोप घेऊन निघावे.