रुसलेली लेखणी

लिहिणाऱ्याच्या आयुष्यांत कधीं कधीं असा काळ येतो, कीं लेखणी हातीं धरवत नाहीं. जुनें लिखाण फिकें वाटतें, नवें सुचत नाहीं. अशा वेळीं जेन ऑस्टेन या आंग्ल लेखिकेची हकीकत आठवावी.

१७९७ सालीं तिच्या वडिलांनीं तिची एक कादंबरी लंडनच्या प्रकाशकास देऊं केली. त्यानें ती न पाहतांच नाकारली. १८०३ सालीं दुसरी कादंबरी दहा पौंडांस विकली गेली, पण छापली गेली नाहीं. १८०५ सालीं वडील निवर्तले. मग आई व बहीण यांसह ती कधीं आप्तांकडे, कधीं भाड्याच्या घरांत राहिली. हातीं घेतलेली कथाहि अपुरी पडून राहिली.

१८०९ सालीं भावानें चॉटन गांवीं घर दिलें. प्रपंचाचा बहुतेक भार बहिणीनें उचलला. जेनकडे मुख्यतः सकाळची न्याहारी राहिली. तिनें जुनीं बाडें काढून पुन्हां लिहावयास घेतलीं. १८११ सालीं पहिलें पुस्तक निघालें. १८१३ सालीं ती नाकारलेली कादंबरीच 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या नांवानें प्रसिद्ध झाली. प्रत घरीं आली त्याच दिवशीं मायलेकींनीं ती एका शेजारणीस मोठ्यानें वाचून दाखविली. लेखिका समोरच बसली आहे, याची त्या बाईस दादहि नव्हती! तो आनंद पैशाचा नव्हता, कीर्तीचाहि नव्हता.

तेव्हां लेखणी रुसली म्हणून प्रतिभा आटली, असें मानूं नये. जुनी वही पुन्हां उघडावी. आणि घरांत कोणी लिहिणारें असेल, तर त्याचें एखादें काम दुसऱ्यानें आपल्या अंगावर घ्यावें. चॉटनच्या घरीं बहिणीनें तेंच केलें.