कडक् आवाज आला म्हणजे गुडघा बरा झाला का?

आजचा भाग गुडघ्यांचा आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. तुमचे गुडघे ठणठणीत असतील हो, पण घरी आईचे कसे आहेत? दोन वर्षांपूर्वी मला कोणी विचारलं असतं तर मीही "मस्त आहेत" म्हणालो असतो. कारण आई कधी बोललीच नाही. ती फक्त कोथिंबीर आणायलासुद्धा मला खाली पाठवायला लागली. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. आणि मी काय म्हणायचो? "आई, मीटिंग चालू आहे गं!"

मग एक दिवस ती जिन्यातच बसली. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, ऑस्टिओआर्थरायटिस. वजन कमी करा, व्यायाम करा. आणि व्यायामाचा एक झेरॉक्स कागद हातात दिला. सगळं मिळून पाच मिनिटं. तो कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली गेला आणि तिथेच राहिला.

इकडे माझ्या फोनवर ते रील्स. तुम्हीही बघितलेत. टेबलावर माणूस पालथा, अंगाजवळ माइक, एक झटका, कडक्! आणि तो माणूस रडतोय, हसतोय, चालतोय. मी आईला दाखवलं, "बघ, दोन मिनिटांत!" आणि घेऊन गेलो एका कायरोप्रॅक्टरकडे.

आता खरं सांगतो. तिला बरं वाटलं. त्या माणसाने अर्धा तास दिला, कुठे दुखतं, कधी दुखतं, सगळं विचारलं. कंबर, घोटा, गुडघा हळूहळू हलवून बघितला. त्या संध्याकाळी आई तिन्ही मजले न थांबता चढली. मी तर स्टेटसच टाकलं. चौथ्या दिवशी गुडघा पुन्हा तसाच. परत गेलो. परत तीन दिवस. दुसऱ्या वेळी त्याने न विचारता मानही मोडली. पाचव्या वेळी म्हणाला, "गुडघा जागेवर आलाय, आता टिकवायला दर महिन्याला यावं लागेल."

जागेवर? मग इतके दिवस होता कुठे? तिथे मी वाचायला लागलो.

ही पद्धत 1895 साली अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात सुरू झाली. डी. डी. पामर नावाच्या माणसाने. त्याचा दावा असा की इमारतीतल्या एका सफाई कर्मचाऱ्याच्या पाठीचा मणका सरकवल्यावर त्याला पुन्हा ऐकू यायला लागलं. म्हणजे सुरुवातच पाठीपासून आणि चमत्कारापासून. आणि तो कडक् आवाज? सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी झाला की वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. हाड जागेवर बसल्याचा नाही. बोटं मोडताना येतो तोच. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने साठेक वर्षं एकाच हाताची बोटं मोडली, दुसऱ्या हाताची नाही. शेवटी दोन्ही हातांत काही फरक नाही. 2009 मध्ये त्याला यासाठी इग नोबेल मिळालं. आवाजाने बिघडत नाही, तसं सुधारतही नाही.

झीज म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, म्हणजे कूर्चा, पातळ होणं. सोबत आजूबाजूचे स्नायू दुबळे होतात, सांधा सुजतो. आपण म्हणतो ना, वंगण संपलं. झटक्याने कूर्चा परत येत नाही. मग बरं का वाटलं? कारण हाताने सांधा हलवला की थोडा वेळ दुखणं आणि आखडलेपणा कमी होतो. ते खोटं नाही. पण तेवढंच.

ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना याबद्दल अगदी स्पष्ट आहेत. मुख्य उपचार व्यायाम, गरज असेल तर वजन कमी करणं. हाताने करायचे उपचार चालतील, पण व्यायामाच्या जोडीला, त्याऐवजी नाही. वजनाचं गणित तर मला माहीतच नव्हतं. एक किलो घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. तीन मजल्यांच्या पायऱ्या मोजा आता.

आणि मान. गुडघ्यासाठी गेलेल्या बाईची मान कशाला मोडायची? क्वचित, पण मानेला झटका दिल्यावर तिथली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना आहेत. पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ असू शकतात, ते तपासल्याशिवाय झटके नकोतच. हे मला नंतर कळलं. आईला टेबलावर मीच झोपवलं होतं, याचा आजही राग येतो. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरसाठी डॉक्टरांसारखी वेगळी सरकारी परिषद नाही. फिजिओथेरपिस्टची आहे, महाराष्ट्रात राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा, कोणी रागावत नाही. रागावलं तर उठा.

मग आम्ही काय केलं? फ्रिजवरचा कागद काढला. आई म्हणाली, "हे मी एकटी नाही करणार, वेडी दिसते." म्हणून रोज सकाळी मी पण. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे. सरळ पाय उचलायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. (यात मला दहाव्या वेळी धाप लागते, आईला नाही, हे रेकॉर्डवर राहू दे.) पहिले दोन आठवडे दुखलंच, ती वैतागली, दोनदा बंद पडलं. तिसऱ्या महिन्यात फरक दिसला. आता ती कठडा धरून खाली जाते, वर येताना दुसऱ्या मजल्यावर थांबते. मांडी घालून बसणं मात्र जमत नाही, पूजेला स्टूल लागतं.

तरी मधूनच विचारते, "त्या माणसाकडे एकदा जाऊया का रे? कसं छान हलकं वाटायचं." मी नाही म्हणत नाही. मागच्या महिन्यात नेलं. आत शिरतानाच सांगितलं, मानेला हात लावायचा नाही. आणि त्या दिवशीचा व्यायाम सकाळीच उरकून गेलो.

तुमच्या घरी कोण जिन्यात थांबतं, मला व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या शनिवारी.