न उगवणारी हिरवळ आणि तिचे राखणदार



या व्यासपीठावरून इतिहास आणि वाङ्मय यांवर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्या, शाळेपेक्षा कामगारांच्या सभांत अधिक शिकलेल्या माणसाने खेळाच्या मैदानावरील कृत्रिम हिरवळीचा विषय काढावा, याचे काहींना नवल वाटेल. पण जेथे लोकांचा पैसा आणि कामगाराचे हात एकत्र येतात, तेथे आमचा विषय सुरू होतो.

या हिरवळीचा जन्म अडचणीतून झाला. अमेरिकेत ह्यूस्टन येथे 1965 साली छप्पर असलेले प्रचंड क्रीडागृह उघडले. छपरातून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले, म्हणून तावदाने रंगवली; ऊन तुटले, गवत मेले. 1966 साली तेथे प्लॅस्टिकचे गवत आले. पुढे 1976 साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली. आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ तेथे सातवा आला. तेव्हापासून 'टर्फ हवे' ही मागणी आपल्याकडे रुजली, आणि ती रास्तही होती.

मात्र मागणीबरोबर एक गैरसमजही आला. गवत उगवत नाही, म्हणजे त्याला माणूस लागत नाही! वस्तुस्थिती उलट आहे. फुटबॉलच्या टर्फात प्लॅस्टिकच्या पात्यांच्या मुळाशी वाळू आणि तिच्यावर बहुधा जुन्या टायरांचा रबरी चुरा भरलेला असतो. पाती उभी राहतात ती या भरावाच्या आधाराने. गोलासमोर आणि पेनल्टीच्या जागी पायांनी तो उधळला जातो. तो पुन्हा भरून ब्रश फिरवला नाही, तर पाती आडवी होतात, झिजतात, जमीन टणक होते आणि खेळणाऱ्याचे गुडघे ते सोसतात. पाने व धूळ साचली की निचरा तुंबतो आणि शेवाळ धरते. जोडाची शिवण एक वीत उसवली असता चिकटवणे हे तासाभराचे काम. दुर्लक्ष केले, तर त्यातच एखाद्या मुलाचा पाय अडकायचा. दहा तासांच्या खेळामागे एक तास निगा, असा जाणत्यांचा ढोबळ आडाखा आहे.

आता हा एक तास कोणाचा? उद्घाटनाच्या फलकावर पुढाऱ्यांची नावे असतात. ब्रश ओढणाऱ्याचे नाव हजेरीपटावरही कायम नसते. कडक उन्हात टर्फाचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर तापतो. पाणी मारले तरी तो थोडाच वेळ थंड राहतो. संध्याकाळी खेळणारा निघून जातो; भर दुपारी तेथे वाकलेला असतो तो कंत्राटी कामगार. त्याला सकाळची पाळी, सावली, पाणी आणि पायात धड जोडे द्यावेत, ही मागणी म्हणजे चैन नव्हे.

आणखी एक हिशेब आहे. आठ-दहा वर्षांत ही हिरवळ संपते. फुटबॉलच्या एका पुऱ्या मैदानात शंभर टनांच्या आसपास रबरी चुरा असू शकतो. तो पावसाबरोबर गटारात आणि नदीत जातो. युरोपीय संघाने 2023 साली नियम करून अशा प्लॅस्टिक-रबरी भरावाची विक्री 2031 पासून बंद करण्याचे ठरवले आहे. आपण निदान कडेला बांध घालून चुरा अडवावा, आणि जुनी हिरवळ कोठे जाणार हे नवी घालण्यापूर्वी विचारावे.

आम्ही टर्फाचे वैरी नाही. पावसाळाभर चिखल होणाऱ्या गावात मुलांना बारमाही मैदान मिळते, याचे मोल आम्ही जाणतो. आमचे म्हणणे इतकेच, की हत्ती बांधणाऱ्याने चाऱ्याची तरतूद आधी करावी. आपल्या नगरपालिकेचा अर्थसंकल्प वाचाल, तेव्हा मैदान बांधण्याच्या रकमेखाली तीन रकमा शोधा : निगेची, कायम कामगाराच्या पगाराची आणि दहा वर्षांनंतरच्या बदलाची. त्या नसतील, तर आपल्या नगरसेवकाला विचारा. प्रश्न विचारणारे नागरिक असले, म्हणजे मैदानही टिकते आणि ते राखणाराही.